अंधुक धूमकेतूचें दर्शन

धूमकेतु म्हटला कीं लांबलचक पिसाऱ्याचें, अर्ध्या आकाशावर केरसुणीसारखें पसरलेलें एक चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आजीच्या गोष्टींतून आणि शाळेच्या पुस्तकांतून आपली त्याची ओळख झालेली असते ती अशीच. शेंडेनक्षत्र हें त्याचें घरगुती नांवहि त्या शेंडीवरूनच पडलें. परंतु खरी गोष्ट अशी कीं, दरसाल सूर्याजवळून जे धूमकेतु जातात त्यांतील बहुतेकांस शेंडी नसतेच, किंवा असली तर ती आपल्या डोळ्यांस दिसण्याजोगी नसते. पिंजलेल्या कापसाचा एखादा पुंजका काळ्या घोंगडीला चिकटून राहावा तसे ते ताऱ्यांमध्यें असतात. हे गरीब धूमकेतु ठराविक वर्षांनीं येतात, कोणाच्या राज्याचें बरेंवाईट करीत नाहींत, आणि त्यांच्यासाठीं कोणी झोपमोडहि करून घेत नाहीं. अशाच एकाविषयीं आज आम्ही लिहिणार आहों.

त्याचें नांव विर्टानेन. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं हॅमिल्टन पर्वतावर लिक वेधशाळा आहे. तेथील कार्ल विर्टानेन ह्या ज्योतिषज्ञास १७ जानेवारी १९४८ रोजीं तो सांपडला. ताऱ्यांच्या अतिसूक्ष्म गती मोजण्यासाठीं घेतलेल्या छायाचित्रांच्या कांचांवर एक अंधुक ठिपका जागा सोडून सरकलेला आढळला, इतकेंच. आरंभींचे वेध इतके थोडे होते कीं, हा थोड्या वर्षांनीं परत येणाऱ्यांपैकीं आहे हें ध्यानांत येण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. ज्यांचें पुनरागमन निश्चित ठरलें अशा धूमकेतूंच्या यादींत आज त्याचा क्रमांक ४६ वा आहे.

पुनरागमनाची ही कल्पना मनुष्यास सहजासहजीं सुचली नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत केतुचाराचा स्वतंत्र अध्याय घातला आहे. केतूंचें दिसणें व मावळणें गणितानें जाणतां येत नाहीं, असें तो तेथें प्रथमच सांगून टाकतो. फलज्योतिषाचा भाग बाजूस ठेविला तरी हें सांगणें आम्हांस फार प्रामाणिक वाटतें. ग्रहांचें गणित ज्याच्या हातचा मळ होता त्यानें येथें आपलें गणित चालत नाहीं असें स्पष्ट लिहावें, हें कांहीं थोडें नव्हे. त्याच अध्यायांत केतूंच्या संख्येविषयीं पूर्वाचार्यांचीं मतें दिलीं आहेत. कोणी एकशें एक म्हणतात, कोणी सहस्र. नारदाचें मत मात्र असें कीं, केतु एकच असून तो नाना रूपांनीं दिसतो. गणिताचें कुलूप पुढें उघडलें तें हॅलेनें. १६८२ सालीं दिसलेला धूमकेतु १७५८ च्या सुमारास परत येईल हें त्याचें भाकीत त्याच्या मृत्यूनंतर खरें झालें. दुसरा असा पाहुणा एंके ह्या जर्मन गणित्यानें १८१९ सालीं ओळखला. १७८६, १७९५, १८०५ व १८१८ ह्या सालीं दिसलेले धूमकेतु वस्तुतः एकच असून तो सुमारें ३.३ वर्षांनीं फेरी करितो असें त्यानें दाखविलें, आणि १८२२ सालीं तो सांगितल्याप्रमाणें आलाहि. त्यांपैकीं १७९५ सालीं त्यास हुडकून काढणारी कॅरोलिन हर्शेल ही होती, हें आम्ही आमच्या घरांतील मुलींस आवर्जून सांगतों.

तथापि धूमकेतूचा नेम हा वारकऱ्याचा नेम नव्हे. वाटेंत गुरूसारखा बलाढ्य ग्रह भेटला कीं वाट वांकते. विर्टानेन १९७२ व १९८४ ह्या दोन सालीं गुरूच्या जवळून गेला. तेवढ्यानें त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारें ६.७ वर्षांवरून साडेपांच वर्षांपर्यंत खालीं आला, आणि सूर्यापासूनचें त्याचें किमान अंतरहि घटून तो पृथ्वीच्या कक्षेच्या आसपास येऊं लागला. शिवाय उन्हानें बर्फाची वाफ होऊन जे फवारे उडतात त्यांचा धक्का उलट दिशेस बसतो तो वेगळाच. म्हणजे वराहमिहिराचें म्हणणें सर्वस्वीं खोटें ठरलें असें नाहीं. गणित दर फेरीस पुन्हां तपासून घ्यावें लागतें.

डिसेंबर २०१८ मध्यें मात्र योग विलक्षण जुळला. ता. १२ रोजीं धूमकेतु सूर्यास सर्वांत जवळ, आणि लगेच ता. १६ रोजीं पृथ्वीस सर्वांत जवळ. अंतर १ कोटि १६ लक्ष किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या अवघें तीसपट. धूमकेतूंच्या हिशेबीं हें शेजारच्या वाड्यांतून जाणेंच होय. वर्तमानपत्रांतून व घरोघरच्या भ्रमणध्वनींवरून हिरव्या गोळ्याचीं सुंदर छायाचित्रें फिरूं लागलीं आणि नुसत्या डोळ्यांनीं दिसणार अशी दवंडी पिटली गेली. आमच्या घरांतील मुलांस तर तो संक्रांतीच्या पतंगाएवढा दिसेल असें वाटूं लागलें.

आमचें घर वाईस. कुटुंब एकत्र, घरांत वडीलधारे म्हणून आमचे काका, त्या वेळीं वयानें ८१. त्यांची सारी हयात पाटबंधारे खात्यांत गेली. नदीच्या कांठीं रोविलेल्या मोजपट्टीवर पाणी किती आहे तें ठरल्या वेळीं वाचावयाचें आणि वहींत मांडावयाचें, हें त्यांच्या तरुणपणचें काम. पूर असो, अंधार असो, न वाचलेला आंकडा अंदाजानें लिहावयाचा नाहीं. जागा रिकामी सोडावयाची. हा दंडक त्यांनीं पुढें घरांतहि चालविला. वाण्याच्या हिशेबांत एखादी रक्कम आठवत नसली तर तेथें ते रेघ मारीत, आणि काकू त्या रेघेवरून त्यांना वर्षानुवर्षें टोमणे मारीत. १९६५ सालीं नोकरीच्या गांवीं पहाटे उठून त्यांनीं इकेया-सेकी हा मोठा धूमकेतु पाहिला होता, १९९७ सालीं हेल-बॉप. ह्या वेळीं प्रश्न वेगळा होता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदु काढलेला, आणि डाव्या डोळ्यांत काचबिंदु शिरून किती काळ झाला हें कोणासच ठाऊक नव्हतें. डॉक्टरांनीं औषधाचे थेंब दिले होते व गेलेली दृष्टि परत येत नसते हेंहि सांगितलें होतें. काका त्याविषयीं चकार शब्द काढीत नसत. धूमकेतु पाहण्यास येतों, हें मात्र त्यांनीं आपण होऊन सांगितलें. आणि आपल्या डोळ्यांत काय उरलें आहे तें त्यांना पाहावयाचें आहे, हें आम्ही समजलों.

येथें थोडें विषयांतर करून, अंधुक वस्तु पाहणें म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. नाहींतर पुढची गोष्ट नीट कळावयाची नाहीं. ज्योतिषी ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती लावतात. सहाव्या प्रतीपर्यंतचा तारा काळोख्या रात्रीं नुसत्या डोळ्यांस दिसतो, आणि विर्टानेन त्या दिवसांत चौथ्या प्रतीच्या आसपास होता. मग तो सहज दिसावयास नको काय? नको, कारण ताऱ्याचें तेज एका बिंदूंत सांठविलेलें असतें, धूमकेतूचें पूर्ण चंद्राहून मोठ्या जागेवर पसरलेलें. पळीभर तूप एका पानावर वाढलें तर भातावर चकाकतें. तेंच साऱ्या पंगतीला पुरवावयाचें म्हटलें तर वाढणाऱ्यास पुण्य लागेल, पण जेवणाऱ्यास तूप दिसणार नाहीं. दुसरें असें कीं, आपल्या दृष्टीच्या अगदीं मध्यबिंदूस अंधारांत पाहण्याचें सामर्थ्यच नसतें. तें काम करणाऱ्या पेशी बाजूस असतात. म्हणून अंधुक वस्तूकडे सरळ रोंखून पाहिलें कीं ती नाहींशी होते, आणि जरा शेजारीं नजर ठेविली कीं डोळ्याच्या कडेस उमटते. अंधारास डोळा पुरता सरावण्यास अर्धा तास लागतो व भ्रमणध्वनीच्या एका झगझगाटानें ती सगळी पुंजी उधळते. वय झालें कीं बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाहीं. तरुणाची अंधारांत सुमारें सात मिलिमीटर उघडते, म्हाताऱ्याची पांच किंवा त्याहूनहि कमी. म्हणजे आंत येणारा प्रकाश निम्म्यावर येतो. छायाचित्रांतील हिरवा रंग खराच असतो, तो कार्बनच्या दोन अणूंच्या जोडीचा. पण एवढ्या मंद उजेडांत आपल्या डोळ्यास रंग कळत नाहीं, राखेसारखें करडें कांहींतरी दिसतें. कॅमेरा मिनिटेंच्या मिनिटें उजेड गोळा करीत बसतो; डोळ्यास तसें सांठवितां येत नाहीं.

ता. ८ डिसेंबर, शनिवार. आदल्याच दिवशीं अमावास्या झालेली. मेणवलीच्या पुढें धोमच्या बाजूस आमच्या बंधूंचें शेत आहे, तेथें आम्ही सातजण गेलों: काका, बंधु, वहिनी, तीन मुलें आणि आम्ही. काकू आल्या नाहींत. ज्याला शेंडीच नाहीं त्याला भ्यावयाचें काय आणि पाहावयाचें तरी काय, असें म्हणून त्यांनीं सुंठीचा चहा भरून दिला. साधन एकच, दहापट मोठें दाखविणारी व पन्नास मिलिमीटर भिंगांची जोडदुर्बीण. विजेरीवर पतंगाचा तांबडा कागद बांधला होता.

त्या रात्रीं धूमकेतु तिमिंगलाच्या बाजूस, तेजस्वी तारे नाहींत अशा ओसाड भागांत होता. मुलांनीं दुर्बीण हातीं येतांच एकामागून एक ‘दिसला, दिसला’ असा गलका केला. काकांनीं सर्वांस गप्प बसविलें. प्रत्येकास कोरा कागद व पेन्सिल दिली आणि कोणीं कोणाशीं न बोलतां, दुर्बिणींत दिसलेले तारे व धूमकेतु आपापल्या जागीं काढावयास सांगितलें. नकाशा बंधूंच्या खिशांत होता, तो तेथेंच ठेवण्याचा हुकूम झाला. अर्ध्या तासानें तांबड्या उजेडांत सात कागद मांडले तेव्हां मौज झाली. तिघांचीं चित्रें तंतोतंत जुळलीं: वहिनींचें, आमच्या तेरा वर्षांच्या पुतणीचें व आमचें. एका मुलानें भलत्याच दोन ताऱ्यांस मिळून धूमकेतु केलें होतें. दुसऱ्यानें छायाचित्रांत पाहिलेला गोळा हुबेहूब उतरविला होता. त्याच्या कागदावर तारा एकहि नव्हता! बंधूंनीं प्रश्नचिन्ह काढलें होतें. काकांच्या कागदावर तारे होते, तेहि नीट जागच्या जागीं; धूमकेतु नव्हता. कोंपऱ्यांत बारीक अक्षरांत लिहिलें होतें, ‘मला दिसला नाहीं.’

पुतणीस हें फार लागलें. तिनें त्यांचा हात धरून दुर्बीण पुन्हां त्या जागीं रोंखून दिली व म्हणाली, “आजोबा, तेथेंच आहे हो. आम्हां तिघांना दिसला ना? मग म्हणा ना दिसला.”

काका म्हणाले, “तुझ्या डोळ्यांनीं पाहिलेलें मी माझ्या वहींत कसें लिहूं, बाळ?”

परत येतांना गाडींत कोणी फारसें बोललें नाहीं. म्हाताऱ्या माणसास होय म्हटल्यानें काय बिघडलें असतें, असें वहिनींस वाटत होतें, आणि तसें वाटणें वावगें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आपल्या घरांतून मोठ्यांचें मन राखण्यासाठीं आपण किती गोष्टी दिसल्या म्हणतों व किती दिसल्या नाहींत म्हणतों! पण काकांस हें मन राखणें नको होतें, एवढें खरें.

मधला आठवडा चंद्र वाढत गेला. धूमकेतु तोंपर्यंत झपाट्यानें उत्तरेकडे चढून कृत्तिका व रोहिणी ह्यांच्या दरम्यान आला. ही जागा लहान मुलासहि सांपडण्याजोगी, परंतु ता. १५ रोजीं मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आकाशांत. म्हणून त्या रात्रीं निघालों तेंच उशिरां. काकांनीं ह्या वेळीं आपली पूर्वतयारी केली होती. चंद्र मावळेपर्यंत ते शेतांतील बाजेवर डोक्यावरून घोंगडी घेऊन पडून राहिले. मावळल्यावरहि अर्धा तास उठले नाहींत. मग डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि दुर्बिणीच्या एकाच नळीला उजवा डोळा लावला. सव्वा वाजतां त्यांनीं एक चित्र काढलें, तीन वाजतां दुसरें. मधल्या वेळांत थंडी अशी होती कीं पेन्सिल बोटांत धरवत नव्हती. मुलें केव्हांच गाडींत झोपीं गेलीं, पुतणी तेवढी जागी.

ह्या दोन वेळांमध्यें हेतु होता. धूमकेतु त्या दिवसांत दररोज सुमारें चार अंश सरकत होता. पावणेदोन तासांत तो पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या अर्ध्याहून थोडा अधिक हलला पाहिजे, आणि हलला पाहिजे तो ईशान्येकडे. तारे दुर्बिणीच्या कांचेवरील डागासारखे फसवीत नाहींत आणि डाग ठरल्या दिशेनें चालत नाहीं. दिशा कोणती हें काकांनीं आपणांस सांगूं दिलें नव्हतें.

दोन्ही कागद नकाशाशीं ताडून पाहिले. पहिल्यांतील पुसट वर्तुळ बरोबर जागीं होतें. दुसऱ्यांतील वर्तुळ ईशान्येकडे सरकलेलें होतें, पण हवें होतें त्याच्या जवळजवळ दुप्पट. पुतणीनें टाळी वाजविली. काका बराच वेळ तो कागद विजेरीखालीं धरून बसले. मग म्हणाले कीं, दुसऱ्या खेपेस तो हलला असावा अशी आपली फार इच्छा होती, आणि ती इच्छा हातांत उतरली नसेल असें आपणांस सांगतां येत नाहीं. त्यांनीं वहींत पहिल्या वेधापुढें लिहिलें ‘दिसला’. दुसऱ्यापुढें लिहिलें ‘दिसला असावा’. ह्या ‘असावा’वरून घरीं पुढें चांगले चार दिवस वाद चालला. बंधूंचें म्हणणें, दिशा बरोबर आली तेथेंच सिद्ध झालें. काकूंचें म्हणणें, वाण्याच्या हिशेबांतील रेघ आतां आकाशांतहि जाऊन पोंचली. दत्तजयंतीस पूर्ण चंद्र आला, धूमकेतु ब्रह्महृदयाजवळ जाऊन त्या चांदण्यांत बुडाला, आणि वादहि मिटला.

ह्या धूमकेतूचें नशीब मात्र मोठें चमत्कारिक. युरोपच्या अवकाशसंस्थेचें रोझेटा यान मुळांत ह्याच्याच भेटीस जावयाचें होतें. जानेवारी २००३ चा मुहूर्तहि ठरला होता. डिसेंबर २००२ मध्यें त्याच जातीचा एक अग्निबाण उड्डाणांत फसला, मुहूर्त टळला, आणि यान २००४ सालीं निघालें तें दुसऱ्याच धूमकेतूकडे, चुर्युमोव-गेरासिमेंकोकडे. ठरलेलें लग्न मोडून वऱ्हाड दुसऱ्या मांडवांत गेलें म्हणावें, तसा प्रकार! त्या धूमकेतूवरील पाण्यांत जड हायड्रोजनाचें प्रमाण पृथ्वीवरील समुद्राच्या तिपटीहून अधिक निघालें, आणि आपले समुद्र अशा धूमकेतूंच्या बर्फापासून भरले असतील ही कल्पना २०१४ सालीं बहुतेकांनीं बाजूस ठेविली. इकडे डिसेंबर २०१८ मध्यें, आम्ही शेतांत कुडकुडत होतों त्याच सुमारास, सोफिया नांवाची विमानांत बसविलेली अमेरिकन व जर्मन वेधशाळा विर्टानेनच्या वाफेचें पृथक्करण करीत होती. २०१९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. विर्टानेनच्या पाण्यांतील प्रमाण आपल्या समुद्राशीं जुळतें. सुमारें ६४०० साध्या हायड्रोजन अणूंमागें एक जड अणु. कृष्णेच्या पाण्याचा आणि त्या करड्या पुंजक्याचा असा कांहीं संबंध असूं शकेल, हें वाचून आम्हांस विलक्षण वाटलें. काकांस वाटलें नाहीं. त्यांनीं विचारलें, एकाच धूमकेतूवरून? मग दुसऱ्या यानाचा आंकडा चुकला कीं काय? हा प्रश्न त्यांच्या पश्चात् निघालाच. २०२४ सालीं रोझेटाचे आंकडे पुन्हां तपासण्यांत आले, आणि यानाभोंवतालच्या धुळीमुळें तें प्रमाण फुगलें असावें असा निष्कर्ष निघाला. तेथेंहि ‘असावें’च!

काका २०२२ सालीं गेले. शेवटचीं दोन वर्षें त्यांस जवळचें वाचतां येत नसे. वर्तमानपत्र पुतणी वाचून दाखवी. विर्टानेन २०२४ च्या मे महिन्यांत पुनः सूर्याजवळून गेला. परंतु त्या वेळीं तो सूर्याच्या पलीकडे, आपल्यापासून फार दूर होता, आणि आमच्या जोडदुर्बिणींतून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पुतणी आतां पुण्यास पदार्थविज्ञान शिकते. काकांची वही तिनें मागून नेली आहे. पुढचा वेध एंकेच्या धूमकेतूचा घ्यावयाचा असा तिचा बेत आहे. तो २०२७ च्या फेब्रुवारींत सूर्याजवळ पोंचतो, तेव्हां त्यापूर्वींच्या जानेवारींत संध्याकाळीं पश्चिमेकडे त्यास शोधावयाचें. मागें ती सुटींत घरीं आली तेव्हां त्या महिन्याचें पान आंखून दाखविलें. रकाने काकांच्याच पद्धतीचे आहेत: ठिकाण, वेळ, चंद्र केव्हां मावळला, कोणत्या डोळ्यानें पाहिलें, आणि शेवटचा रकाना चांगला रुंद ठेवला आहे, तीन शब्द मावतील इतका.